मदत हवी आहे: जर्मनीत पीएचडी, ग्रॅज्युएट स्कूल की थेट प्रोफेसरकडे?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी,

पुण्यातून बायोटेकमध्ये एम.एस्सी. झालं, नंतर दीड वर्ष एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट होते. आता जर्मनीतून दोन होकार आलेत आणि दहा दिवसांत कळवायचंय.

पहिला, मॅक्स प्लांक संस्थेशी जोडलेल्या ग्रॅज्युएट स्कूलचा (आयएमपीआरएस). दोन दिवस ऑनलाइन मुलाखती झाल्या. सुरुवातीचे काही महिने तीन लॅबमध्ये आळीपाळीने काम, मग गाइड ठरणार. दुसरा थेट एका प्रोफेसरांचा. विषय अगदी माझ्या प्रबंधाला लागूनच. मेलला चार तासांत उत्तर, अर्धा तास व्हिडिओ कॉल आणि लगेच "या" म्हणाले. मन तिकडेच ओढतंय. पण तिथे कोर्स नाहीत, कमिटी नाही. ते आणि मी, एवढंच.

बाबा म्हणतात, एम.एस्सी. झाल्यावर परत कसली शाळा? मलाही या 'स्ट्रक्चर्ड' (म्हणजे स्कूलवाल्या) पीएचडीचा नेमका फायदा कळत नाहीये. क्रेडिट आणि वर्कशॉपमध्ये वेळच जाणार ना? की त्या डिग्रीला वजन जास्त असतं? कृपया अनुभवींनी लिहा.

निळावंती:

डिग्री तीच, डॉ. रेर. नाट. (विज्ञानातली डॉक्टरेट). आयएमपीआरएस स्वतः पदवी देतच नाही, सोबतचं विद्यापीठ देतं. तो मुद्दा सोडून दे.

मी थेट प्रोफेसरकडे केली (शहर विचारू नका). जर्मनीत गाइडला 'डॉक्टरफाटर' म्हणतात, म्हणजे डॉक्टर-बाप. शब्दातच सगळं आलं. साहेब तोच, करार वाढवायचा की नाही ते ठरवणारा तोच, आणि प्रबंधाला श्रेणी देणाराही तोच. पहिली दोन वर्षं माझं झकास चाललं होतं. तिसऱ्या वर्षी सरांना दुसऱ्या शहरात मोठी जागा मिळाली. लॅब हलली, यंत्रं हलली, माझे निम्मे नमुने खोक्यांत. आता माझं काय, हे विचारायलाही कोणी नव्हतं. साडेपाच वर्षं लागली. सर वाईट नव्हते, हे मुद्दाम लिहिते. माणूस चांगला असूनही हे झालं.

त्याच इमारतीत ग्रॅज्युएट स्कूलची मुलं होती. त्यांची थीसिस कमिटी वर्षातून एकदा बसायची. गाइड धरून तिघे, त्यांतला एक बाहेरचा. चार पानी अहवाल, तासभर प्रश्न, आणि शेवटची दहा मिनिटं गाइडला बाहेर पाठवून फक्त विद्यार्थ्याशी बोलायचे. मला ती दहा मिनिटं हवी होती गं. बाकी पोस्टर कसं करावं वगैरे वर्कशॉप म्हणजे टाइमपास, पण सँडविच फुकट.

वाकडी_वाट:

जरा उलट बाजू मांडतो. मी इतिहासवाला. जुनी जर्मन हस्तलिपी वाचायला शिकण्यातच माझं वर्ष गेलं. स्कूलच्या तीन वर्षांच्या चौकटीत ते बसलं नसतं. चौकटीतल्या मुलांचे विषयही हळूहळू चौकटीएवढेच होत जातात, असं माझं मत. निळावंती चिडतील.

अवांतर: इरावतीबाई कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या तेव्हा यातलं काही नव्हतं, एक ऑयगेन फिशर (तिथला मानववंशशास्त्रज्ञ, त्यांचा गाइड) आणि त्या. त्याच्या वंशविषयक समजुतींना छेद देणारे निष्कर्ष काढून त्याच्याच हाताखाली बाईंनी पदवी मिळवली. सगळ्यांना जमेल असं नाही.

निळावंती:

चिडले नाही. पण त्या इरावती कर्वे होत्या.

हिशेबी:

पैशांचं कोणी बोलेना. करार आहे की स्टायपेंड, हे दोघांनाही लेखी विचारा. कराराची पगारश्रेणी बहुधा ई-१३, पण पूर्ण पगाराच्या किती टक्के? ५०, ६५ की १००? (६५ म्हणजे पगार ६५, काम १००.) करारावर आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा सगळं लागू होतं. नुसत्या स्टायपेंडवर पेन्शन नाही, बेकारी विमा नाही आणि आरोग्य विम्याचे हप्ते आपणच भरायचे. मॅक्स प्लांकने २०१५ पासून डॉक्टरेटवाल्यांना स्टायपेंडऐवजी करार द्यायला सुरुवात केली, तिकडे काळजी कमी. प्रोफेसरांचा पैसा कुठल्या प्रोजेक्टचा आणि तो कधी संपतो, हे नक्की विचारा.

निळावंती:

+१. आणि अजून एक. बऱ्याच विद्यापीठांत थेट आलेल्यांनाही तिथल्या ग्रॅज्युएट स्कूलचं सदस्यत्व मिळतं. म्हणजे विषय सरांचा आणि कमिटी स्कूलची. सरांना ते चालेल का, विचार. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनाही मेल टाक. किती वर्षं लागली, एवढंच विचार, बाकीचं ते आपणहून सांगतील.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे खूप आभार. कालच मेल टाकले होते.

सरांचं उत्तर याही वेळी चार तासांत. प्रोजेक्टचा पैसा दोन वर्षांचा आहे, "पुढचं बघू". विद्यापीठात स्कूल आहे, पण "माझ्या विद्यार्थ्यांना त्याची कधी गरज पडली नाही". जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकाचं उत्तर नाही. दुसरीने एकच ओळ लिहिली: मेलवर नको, फोनवर बोलू. आज रात्री साडेनऊला ठरलंय.

हिशेबी:

दोन वर्षं??

निळावंती:

फोनच का, ते आधी विचार. झालं की इथे लिही, मी जागी आहे.