मदत हवी आहे: मल्टिक्लासिंगचा (एकाच कॅरेक्टरने दोन क्लास घेण्याचा) नियम गंडलाय, एक लेव्हल घेऊन पळणारा मजेत आणि निम्मं-निम्मं करणारी रडतेय

मंडळी, आम्ही पाच जण दर रविवारी मुलुंडला एकाच्या घरी टेबलटॉप रोलप्लेइंग (प्रत्येकाने एक कॅरेक्टर घेऊन फाशांवर गोष्ट पुढे न्यायची) खेळतो (खरं तर सगळ्यांना दादर बरं पडतं, पण मुलुंडच्या काकू पोहे करतात). बरीच वर्षं डीअँडडीची (डन्जन्स अँड ड्रॅगन्सची) पाचवी एडिशन खेळलो, मग माझ्या डोक्यात किडा वळवळला की आपलाच गेम बनवू, सह्याद्रीतले घाट, गड, देवराया वगैरे. क्लास, म्हणजे कॅरेक्टरचे पेशे, पाच आहेत, पटाईत (योद्धा), हेर, मांत्रिक, भगत आणि शाहीर, लेव्हल दहा, आणि दर १००० पॉइंटला (शत्रू हरवून वगैरे मिळणारे) एक लेव्हल कारण मला हिशोबाचा कंटाळा.

मल्टिक्लासिंगचा नियम पाचव्या एडिशनमधूनच उचलला. लेव्हल वाढली की कुठल्याही क्लासची पुढची लेव्हल घ्या, फक्त दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात किमान १३ हवेत.

आता आमच्यातला एक सीए करतोय आणि तो कॅरेक्टर पण इन्कम टॅक्स वाचवल्यासारखंच बनवतो. त्याने पहिली लेव्हल पटाईताची घेतली, जड चिलखत आणि ढाल पदरात पाडून घेतली आणि पुढच्या सगळ्या लेव्हल मांत्रिकाच्या. माझे दरोडेखोर +५ ने वार करतात (वीसतोंडी फासा अधिक ५, बेरीज चिलखताच्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की वार लागतो), साध्या मांत्रिकाचं चिलखत १२, म्हणजे त्याला ७०% वेळा लागतो. ह्याचं १८, ह्याला ४०% वेळा. किंमत काय दिली तर एक लेव्हल उशीर, बस.

दुसरी मैत्रीण खरोखर अर्धी योद्धा अर्धी मांत्रिक खेळायला बघतेय, पटाईत ३ मांत्रिक ३. माझ्या गेममध्ये पाचव्या लेव्हलला पटाईताला दुसरा वार मिळतो आणि मांत्रिकाला वणवा मंत्र (सहातोंडी आठ फासे, सरासरी २८). तिच्याकडे दोन्ही नाही, सहावी लेव्हल असून. गेल्या रविवारी लढाई चालू असताना ती म्हणाली मी पोहे घेऊन येते, माझी टर्न आली तर स्किप करा. मला जाम वाईट वाटलं कारण कॅरेक्टरची गोष्ट सगळ्यात भारी तिचीच आहे.

मी एक उपाय केला होता, की नंतर पटाईत झालात तर जड चिलखत नाही, ते फक्त पटाईत म्हणून सुरुवात करणाऱ्याला. पाचव्या एडिशनमध्ये पण तसंच आहे. सीए सुरुवातच पटाईतापासून करतो, संपला विषय. काहीतरी सुचवा.

चौथी सीट:
तुझा प्रॉब्लेम मल्टिक्लासिंगमध्ये नाहीच, तो दर १००० ला एक लेव्हल देणाऱ्या टेबलमध्ये (तक्त्यात) आहे. जुन्या अ‍ॅडव्हान्स्ड डीअँडडीत (१९७८ची) एल्फ, ड्वार्फ वगैरे माणूस नसलेली मंडळी सुरुवातीपासून दोन क्लास घेऊन चालायची आणि मिळालेले पॉइंट दोन्ही क्लासमध्ये समान वाटले जायचे. ऐकायला अन्याय वाटतो, पण टेबल बघ. दुसऱ्या एडिशनच्या फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २०००, मग ४०००, ८०००, १६०००, ३२०००. सुरुवातीच्या लेव्हलना दर वेळी दुप्पट. म्हणजे पॉइंट निम्मे झाले तरी माणूस एकच लेव्हल मागे राहतो! तुझ्याकडे सरळ रेषा आहे, म्हणून निम्मे पॉइंट म्हणजे निम्मी लेव्हल. तुझी मैत्रीण तिथेच मेली.

अर्धा कप:
पाथफाइंडर नावाच्या गेमची दुसरी एडिशन बघ, २०१९ची. तिथे क्लास बदलतच नाही, दुसऱ्या क्लासचं डेडिकेशन नावाचं फीट (लेव्हल वाढताना निवडायचं खास कौशल्य) घ्यायचं आणि मग त्या क्लासच्या गोष्टी आपल्या फीटच्या बदल्यात एकेक करून विकत घ्यायच्या. त्या वाटेवरची आणखी दोन फीट घेतल्याशिवाय तिसऱ्या क्लासकडे बघायचं नाही. सीए तिथे बरोबर अडकेल. पण तुमच्या मैत्रिणीला ते पाणचट वाटेल, अर्धी-अर्धी व्हायचंय तिला, चव घ्यायची नाहीये.

पंख्याखाली:
इतकं गणित कशाला? मल्टिक्लासिंग बंद कर, तिच्यासाठी सहावा क्लास लिही, अर्धा पटाईत अर्धा मांत्रिक. पाच तर लोक आहेत.

धागाकर्ता:
@पंख्याखाली, आज सहावा लिहिला तर पुढच्या महिन्यात कोणी भगत-हेर मागेल आणि मी नोकरी सोडून क्लासच लिहीत बसेन.

@चौथी सीट, राव, रात्री दोनपर्यंत एक्सेल घेऊन बसलो. १०००, २०००, ४०००, ८०००, १६००० असं टेबल केलं. १६००० ला एकाच क्लासवाला सहाव्या लेव्हलला, आणि ८०००-८००० वाटले तर ती पाच-पाच. दुसरा वार पण, वणवा पण! हे इतकं सोपं होतं?

आणि मग मी ते सीएला दाखवण्याचा मूर्खपणा केला. तीस सेकंदात म्हणाला, म्हणजे ३२००० जमवून मांत्रिकाच्या सातव्या लेव्हलला पोचलो की पटाईताची दुसरी लेव्हल मला फक्त १००० मध्ये, फुकटच की.

चौथी सीट:
हाहा, म्हणून तर त्या जुन्या गेममध्ये दोन क्लासवाल्या एल्फ-ड्वार्फांना मध्येच क्लास घ्यायची सोय नव्हती. पहिल्या दिवशी ठरवायचं आणि शेवटपर्यंत पॉइंट समान वाटायचे, एक क्लास थांबवून दुसरा पुढे रेटता येत नाही. चिलखताचं म्हणशील तर तिसऱ्या एडिशनचा नियम घे, चिलखतात मंत्र फसू शकतो. पूर्ण प्लेट (अंगभर पोलादी चिलखत) घातली तर ३५% वेळा. दोन दहातोंडी फासे टाकायचे, टेबलावर मजाही येते.

धागाकर्ता:
३५% घेतला. आता सीए चिलखत घालून वणवा टाकेल आणि तिनात एकदा फुस्स, मला हे आत्ताच बघायचंय. समान वाटणी फक्त पहिल्या दिवशी दोन क्लास घेणाऱ्यांना, आणि मध्येच काही हवं असेल तर अर्धा कप म्हणतात तसं फीटने घ्या, लेव्हल मिळणार नाही.

पण आता उलटी भीती वाटतेय, पाच-पाच वाली सहावाल्यांच्या डोक्यावर बसणार नाही ना?

चौथी सीट:
बसू शकते. त्या जुन्या गेममध्ये दोन लगाम होते, हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) दोन्ही क्लासचे काढून निम्मे करायचे, आणि माणूस सोडून बाकीच्यांना लेव्हलची मर्यादा. दुसरा कोणालाच आवडायचा नाही, तो सोड. पहिला ठेव. तशीही एका टर्नमध्ये ती एक तर दोन वार करेल नाहीतर वणवा टाकेल, दोन्ही नाही.

अर्धा कप:
आणि पॉइंट वाटताना लक्ष ठेवा, टेबल दुप्पट होतंय तर दरोडेखोरांचे पॉइंट पण वाढवावे लागतील, नाहीतर आठव्या लेव्हलला पोचेपर्यंत सीएचं आर्टिकलशिप संपेल.

धागाकर्ता:
हे डोक्यातच आलं नव्हतं. ठीके, हिट पॉइंट निम्मे, दरोडेखोर महाग. रविवारी सेंट्रलला मेगाब्लॉक नसला तर तिचं कॅरेक्टर पाच-पाच करून त्याच दरोडेखोरांशी परत लढवतो आणि इथे आकडे टाकतो. सीएला नियम आधी दाखवणार नाहीये.