मदत हवी आहे: नैरोबीत भारतीय वकिलाला कोणते काम करता येते?

मुठाकाठची

नमस्कार. मी पुण्याच्या जिल्हा न्यायालयात ११ वर्षे दिवाणी वकिली करते आहे. बहुतेक काम जमिनीच्या वादांचे, खरेदीखतांचे आणि दरखास्तींचे. यजमानांची तीन वर्षांसाठी नैरोबीला बदली झाली असून जूनमध्ये आम्हाला निघायचे आहे. तीन वर्षे सनद कपाटात ठेवून घरी बसणे मला जमणार नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

गेले दोन महिने रोज रात्री तिथले कायदे वाचते आहे आणि आपण परक्या देशाचा कायदा वाचतो आहोत असे फारसे वाटत नाही. केनियाचा १९६३ चा पुरावा कायदा आपल्या १८७२ च्या कायद्यावर बेतलेला आहे, दिवाणी प्रक्रियेचा सांगाडाही ओळखीचा आहे, आणि आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा तर तिथे २०१२ सालचा जमीन नोंदणी कायदा येईपर्यंत चालू होता. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा गेला. त्याची कलमे पाठ करण्यात घालवलेली माझी उमेदीची वर्षे निदान नैरोबीत तरी वाया जाणार नाहीत, असे मी यजमानांना गमतीने म्हटलेही.

मात्र तिथल्या अॅडव्होकेट्स अॅक्टच्या (वकिलांविषयीच्या कायद्याच्या) कलम १२ ने माझा उत्साह मावळला. तिथे सनद मिळण्यासाठी केनियाचे किंवा पूर्व आफ्रिकेतल्या ठरावीक शेजारी देशांचे नागरिकत्व लागते. दक्षिण आफ्रिकेतही नागरिक किंवा कायम रहिवासी असल्याशिवाय सनद नाही, आणि शेजारच्या लेसोथोच्या नागरिकांनी या अटीला दिलेले आव्हान तिथल्या संवैधानिक न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळले. म्हणजे शेजारच्या माणसालाही दार उघडलेले नाही, तर मी कोण.

दुसरा मुद्दा एका अशिलाचा. ते भोसरीहून पंपांचे सुटे भाग नैरोबीच्या एका व्यापाऱ्याला पाठवतात आणि दोन खेपांचे पैसे अडकले आहेत. करार चार पानांचा असून शेवटच्या पानावर 'सर्व वाद पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात' हे आपले नेहमीचे वाक्य आहे. व्यापाऱ्याची मालमत्ता मात्र सगळी तिकडे. इथे हुकूमनामा मिळवून तो तिथे बजावता येईल का, आणि अशा प्रकारच्या कामावर मला तिथे काही उभे करता येईल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

नैरोबीकर

ताई, मी इथे १४ वर्षे एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे; वकील नाही, पण वकिलांशी रोजचा संबंध येतो. पहिली गोष्ट म्हणजे यजमानांबरोबर तुम्हाला अवलंबिताचा पास मिळेल, आणि त्यावर कोणतेही काम करता येत नाही. नोकरीसाठी 'वर्ग डी' चा वेगळा परवाना लागतो. तो हातात येईपर्यंत ओळखीच्यांचा एखादा मसुदासुद्धा पैसे घेऊन करू नका. तुम्ही वाचलेल्या अॅडव्होकेट्स अॅक्टचेच कलम ३४ नजरेतून सुटले असेल तर पुन्हा वाचा: जमीन हस्तांतरणाचे दस्त सनद नसलेल्या माणसाने मोबदला घेऊन तयार करणे हा गुन्हा आहे. तुमचा हातखंडा नेमका ज्या कामात, तेच इथे तुमच्यासाठी बंद आहे.

या बंदीचा राग मानू नका, कारण इथल्या तरुण वकिलांची स्थिती मी जवळून पाहतो. पदवीनंतर केनिया स्कूल ऑफ लॉचे प्रशिक्षण, नऊ विषयांची परीक्षा, त्यावर जुन्या वकिलाच्या हाताखाली सहा महिने उमेदवारी, आणि त्या सहा महिन्यांत अनेकांच्या हाती जेमतेम बसभाडे पडते. शुल्काचे किमान दर आदेशाने ठरलेले असून त्याखाली जाण्यास मनाई आहे, तरी दर पाडून काम उचलणारे असतातच. आमच्या कार्यालयात येणारा एक मुलगा सकाळी मिलिमानी न्यायालयातल्या सुनावणीला मोबाइलवरूनच हजर राहतो आणि दुपारी आमची थकबाकीची पत्रे लिहून देतो. जुलै २०२० पासून नैरोबीत दावे ऑनलाइन दाखल होऊ लागल्याने खेपा वाचल्या, पण त्याची कमाई वाढली असे तो म्हणत नाही.

एक जुनी गोष्ट सांगतो. १९५२-५३ च्या कापेनगुरिया खटल्यात जोमो केन्याटांच्या (पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष) बचावासाठी ब्रिटिश वकील डी. एन. प्रिट यांच्याबरोबर उभे राहिलेल्यांत मूळचे गोव्याचे फिट्झ डिसूझा होते. आपल्या माणसांची वकिली इथे नवी नाही, पण तो काळ वेगळा होता.

लवादवाला

मुंबईत लवादाचे काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. परदेशी निकाल थेट नोंदवून बजावण्यासाठी केनियाचा जो कायदा आहे, त्याच्या देशांच्या यादीत भारत नाही. पुण्याचा हुकूमनामा घेऊन गेलात तर त्याच्या आधारे तिथे नवा दावा लावावा लागेल, आणि त्यात किती तारखा पडतील हे तुम्हाला मी सांगायला नको. लवादाच्या निवाड्याचे तसे नाही. परदेशी लवाद निवाड्यांच्या बजावणीसाठी असलेल्या न्यूयॉर्क करारात केनिया १९८९ पासून आहे, त्यामुळे भारतात झालेला निवाडा तिथल्या उच्च न्यायालयात बजावणीसाठी नेता येतो. अडकलेल्या दोन खेपांसाठी समोरचा राजी असेल तर आताही लवादाचा करार करता येतो. तो राजी नसेल तर तिथल्या वकिलामार्फत तिथेच दावा लावणे बरे. पुढच्या खेपांसाठी मात्र ते शेवटच्या पानावरचे वाक्य आजच काढून टाका.

तुमची संधीही मला इथेच दिसते. केनियाच्या १९९५ च्या लवाद कायद्याचे कलम २५ पक्षकाराला आपल्या पसंतीच्या कोणाही व्यक्तीमार्फत बाजू मांडू देते. तिथे सनदेची अट नाही. नैरोबीत २०१३ च्या कायद्याने आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र स्थापन झाले, रवांडाच्या राजधानीत, किगालीत, २०१२ पासून तसेच केंद्र चालू आहे, आणि आफ्रिका खंडाच्या मुक्त व्यापार करारानुसार जानेवारी २०२१ पासून व्यापार खुला झाल्याने सीमेपलीकडचे करार वाढतच जाणार. न्यायालयातच उभे राहायचे असेल तर अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ११ प्रमाणे अॅटर्नी जनरल राष्ट्रकुलातल्या वकिलाला एका विशिष्ट प्रकरणापुरती परवानगी देऊ शकतात, पण ती त्यांच्या मर्जीवर असते, तिच्यावर संसार चालत नाही. कंपनीच्या विधी विभागात २०१९ च्या डेटा संरक्षण कायद्याचे अनुपालन हे मला त्याहून भरवशाचे काम वाटते.

तिथले निकाल 'केनिया लॉ' या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, ते मुळातून वाचा. एआयने दिलेले दाखले तपासल्याशिवाय कुठेही देऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमारिट्झबर्गच्या उच्च न्यायालयाने अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना चांगलेच फैलावर घेतले आहे.

दारेसलामहून

शेजारी टांझानियाचा विचार मनात असेल तर एक लक्षात घ्या: २०२१ च्या दुरुस्तीने इथे न्यायालयाची भाषा स्वाहिली झाली आहे. नैरोबीत इंग्रजीवर भागते, तरी स्वाहिलीची शिकवणी पुण्यातूनच सुरू करा.

मुठाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. कलम ३४ मी खरोखरच वाचले नव्हते, आणि नैरोबीकरांनी सांगितले नसते तर पहिल्याच महिन्यात कोणाचे तरी खरेदीखत करून बसले असते. अशिलाला शुक्रवारी कागदपत्रांसह बोलावले आहे. पुढच्या करारात लवादाचे कलम घालून घेते. आता एकच विचारायचे आहे: 'वर्ग डी' चा अर्ज मालकानेच करायचा असतो असे वाचले, तर अवलंबिताच्या पासवर तिथे पोहोचल्यानंतर नोकरी शोधून तो तिथूनच करता येतो, की त्यासाठी आधी देशाबाहेर यावे लागते?