सुट्टे पैसे : तुमच्या घरात काय बदललं?

परवा मंडईत लेकीच्या हातात वीसची नोट दिली. म्हटलं, बाराची कोथिंबीर घे, उरलेले परत आण. कोथिंबीर आली, आठ रुपये आलेच नाहीत. नऊ वर्षांची आहे, गणितात हुशार आहे, पण दुकानदाराकडून काही परत घ्यायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिनं मला कायम कोड स्कॅन करतानाच पाहिलंय. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. तेव्हापासून तुमच्या घरातली पैशाची रीत कशी बदलली? रोजचं, साधं सांगा.

*

मी एसटीत वाहक आहे. पूर्वी सुट्टे नसले की तिकिटामागे 'बाकी १३' लिहून द्यायचो आणि उतरताना लोक तिकीट पुढं करायचे. त्यावरून रोज एक तरी वाद. आता मशिनवर कोड दाखवतो. घाटात रेंज गेली की मात्र पुन्हा पेन काढावंच लागतं.

*

माझी आई नाशिकला भाजी विकते. वाचता येत नाही, पण नोटा आणि आकडे ओळखते. सुरुवातीला गिऱ्हाईक मोबाईल दाखवून म्हणायचं, "मावशी, गेले बघा." ती मान डोलवायची. रात्री हिशेब लावला की कधी साठ कमी, कधी शंभर. पाच-सहा वेळा असं झाल्यावर, पैसे जमा झाले की तसं मोठ्यानं सांगणारा बोलणारा डबा आणला. आता ती भाजी पिशवीत घालते, पण डबा बोलेपर्यंत पिशवीचा बंद सोडत नाही. ओळखीचं गिऱ्हाईकही तेवढा वेळ थांबतं.

पण एक गोष्ट मला छळते. पूर्वी गल्ल्यातले पैसे घेऊन ती पहाटे मार्केट यार्डात जायची. डबा माझ्या खात्याला जोडलाय, त्यामुळे आता तिला रोज रात्री माझ्याकडे पैसे मागावे लागतात. तिच्याच कमाईचे.

*

हे वाचून राहवलं नाही. माझ्या सासूबाई तूरडाळीच्या डब्यात पैसे ठेवायच्या. माझ्या बाळंतपणात दवाखान्याचे पैसे कमी पडले, तेव्हा डाळीची धूळ लागलेल्या नोटांची घडी त्यांनी माझ्या हातात ठेवली होती. घरखर्चातले वाचवलेले पैसे मीही तसेच ठेवायचे. आता किराणा, दूध, गॅस, सगळं नवऱ्याच्या खात्यातून जातं आणि प्रत्येक खर्चाचा मेसेज त्याला येतो. तो चांगला आहे, कधी विचारत नाही. पण माहेरी भावाच्या मुलाला दोनशे रुपये द्यायचे तरी ते आधी त्याच्या फोनवर उमटतात. हिशेब चोख झाला हे खरं, पण माझी म्हणून जी जागा होती ती गेली. मग मी दर महिन्याला हजार रुपये रोख काढून घ्यायला लागले. ते कशावर गेले, हे कुणालाही सांगत नाही.

*

फ्रँकफुर्टला राहते. इथं माझी सवय उलटी झाली. बऱ्याच छोट्या दुकानांत अजून रोखच चालते, सुपरमार्केटची ढकलगाडी सोडवायला नाणं लागतं, त्यामुळे एक युरोचं नाणं कायम खिशात. सुट्टीत दादरला आले आणि गजरेवालीला शंभरची नोट दिली, तर ती म्हणाली, "ताई, सुट्टे कुठून आणू? स्कॅन करा ना." माझ्याकडे भारतातला नंबर नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं पैसे भरले, मी नोट तिला दिली.

*

नाशिकवाला पुन्हा लिहितोय. डाळीच्या डब्याचं वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन बँकेत गेलो. तिच्या खात्याला नंबर माझा होता, तो बदलून तिचा जोडला. डेबिट कार्ड नव्हतं, पण आधारवरूनही यूपीआयचा पिन लावता येतो, त्यामुळे अडलं नाही. पिनचे आकडे तिनं स्वतः दाबले. मी बघत होतो, तर म्हणाली, "तू तिकडं तोंड कर."