क्रूझवरचं जेवण: कॉर्डेलिया, सिंगापूरची जहाजं की इटालियन? (सूर्यास्तापूर्वी जेवणारे दोघे सोबत)

शहापूरची_अक्का

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या की बेळगावहून नऊ जणांनी क्रूझला जायचं ठरतंय. सासू-सासरे पक्के जैन. कांदा, लसूण, कंदमुळं चालत नाहीत आणि दोघांचा रात्रीभोजनाचा त्याग आहे, म्हणजे सूर्य मावळायच्या आत पान उचललेलं असायला हवं. मुलं ६ आणि ११ वर्षांची. बाकीचे पाच जण सगळं खाणारे.

तीन पर्याय समोर आहेत. मुंबईहून कॉर्डेलियाने गोवा-लक्षद्वीप, सिंगापूरहून रॉयल कॅरिबियन किंवा गेंटिंग ड्रीम, नाहीतर एमएससी किंवा कोस्टा या इटालियन वळणाच्या जहाजांनी भूमध्य समुद्र. एजंट सगळेच म्हणतात, "जैन मिळतं की." पण ते कुठे मिळतं, किती वाजता मिळतं आणि कुणाला सांगावं लागतं, हे कुणीच सांगत नाही. ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी खुलासा करावा. जहाजावरच्या इतर गोष्टींचंही सांगा.

खानापूर_रोड

अक्का, प्रश्न अगदी योग्य जागी नेऊन ठेवलात. पदार्थ किती आहेत हे मोजू नका. तुमच्या घरासाठी दोनच गोष्टींवर जहाज ठरेल: स्वयंपाकघर वेगळी ऑर्डर कशी घेतं, आणि संध्याकाळची पहिली पंगत किती वाजता बसते.

कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे १९९० सालचं जहाज, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं. सुमारे ४८,५०० ग्रॉस टन. (हे टन वजनाचे नव्हेत, आतल्या जागेचं माप आहे.) प्रवासी बहुतेक भारतीय, त्यामुळे शाकाहारी आणि जैन हा तिथला रोजचा स्वयंपाक आहे. स्टारलाइट रेस्टॉरंट आणि फूड कोर्ट तिकिटात येतात, चॉपस्टिक्स या दुसऱ्या रेस्टॉरंटला वेगळे पैसे. खाण्याच्या बाबतीत आई-बाबांना सगळ्यात कमी समजावून सांगावं लागेल ते इथे. विचारायचं ते एवढंच की संध्याकाळचं जेवण किती वाजता उघडतं. एप्रिलमध्ये मुंबईत सूर्य सातच्या थोडं आधी मावळतो, लक्षद्वीपला पावणेसातच्या सुमारास. जेवण सातनंतर उघडत असेल तर दोन जैन ताटं सहा वाजता काढून द्याल का, हे बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या.

गेंटिंग ड्रीम हे २०१६ चं, दीड लाख टनांचं जहाज. रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसने २०२२ पासून ते सिंगापूरहून चालवायला घेतलं. भारतीय गिऱ्हाईक भरपूर असल्याने भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सवय त्या स्वयंपाकघराला आहे. रॉयल कॅरिबियनच्या विंडजॅमर बुफेत भारतीय भाग असतो, पण तिथल्या भाज्यांना कांदा-लसणाचंच वाटण असतं. जैन हवं तर मेन डायनिंग रूममध्ये हेड वेटरला आदल्या रात्री सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी ते खास करून आणतात. चव चांगली असते, पण न सांगता मिळत नाही.

सिंगापूरला सूर्य वर्षभर सातच्या आगेमागे मावळतो. तिथे ठरावीक वेळेची पहिली पंगत साडेपाच-सहाला बसते, ती घेतलीत तर प्रश्न मिटला. 'माय टाइम डायनिंग' म्हणून वेळ मोकळी ठेवायचा पर्याय असतो, तो घेऊ नका. गर्दीच्या दिवशी टेबल साडेसातला मिळालं तर आई-बाबांचं जेवण गेलं.

एक बारकावा. फुकेत थायलंडच्या वेळेवर चालतं, सिंगापूरपेक्षा एक तास मागे. जहाजाचं घड्याळ सिंगापूरचंच ठेवलेलं असलं तर फुकेतला सूर्यास्त जहाजाच्या घड्याळात साडेसातला पडतो. घड्याळ मागे घेतलं असलं तर साडेसहाला. दिवसाचं पत्रक रोज संध्याकाळी खोलीत किंवा ॲपवर येतं, त्यात 'शिप टाइम' बघून वेळ धरा.

आता इटालियन. वेळेच्या बाजूने भूमध्य समुद्र सगळ्यात सोयीचा, कारण एप्रिलमध्येच तिथे सूर्य आठच्या सुमारास मावळतो आणि पहिली पंगत साडेसहा-सातला बसते. पण पदार्थांच्या बाजूने तिथेच सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. पार्मिजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवतात, दुसरी रीत त्याला चालतच नाही. पास्त्यावर, रिसोटोत, पेस्तोत तेच पडतं. 'मिनेस्त्रोने' नावाचं सूप भाज्यांचं दिसतं, पण त्यात मांसाचं पाणी असू शकतं. पन्ना कोटा आणि मूस या गोड पदार्थांत जिलेटिन, तेही प्राण्याचंच. टोमॅटो सॉस लसणाशिवाय क्वचितच. "व्हेजिटेरियन" म्हटल्यावर वेटर प्रामाणिकपणे हेच आणून ठेवील, कारण त्याच्या लेखी ते शाकाहारीच आहे.

हीच गोष्ट सिंगापूरच्या जहाजांवर थाई आणि मलय पदार्थांची. थाई करीत माशाचा सॉस, सांबालमध्ये सुक्या कोळंबीची पेस्ट. सगळं खाणाऱ्यांना अडचण नाही, पण आई-बाबांनी त्या काउंटरची नुसती भाजीसुद्धा घेऊ नये.

पोळीचंही सांगतो, कारण आपल्याकडच्या लोकांची पहिली तक्रार तीच असते. आगीच्या धोक्यामुळे जहाजावर उघडी ज्योत ठेवत नाहीत, सगळी चूल विजेवर. म्हणून गॅसवर फुगवलेला फुलका मिळत नाही. विजेच्या तव्यावर भाजलेली पोळी बुफेच्या झाकणाखाली ठेवली की वाफेने खालची ओली होते आणि वरची चामड्यासारखी. उपाय सोपा आहे. झाकणातली उचलू नका, काउंटरवरच्या माणसाला "आत्ता भाजून दोन द्या" म्हणा आणि दोन मिनिटं थांबा. ज्वारीची भाकरी मात्र कुठल्याच जहाजावर धरून चालू नका.

निपाणीकर

वरच्या प्रतिसादाला माझं पूर्ण अनुमोदन. मी सामानाचं सांगतो, कारण लोक हमखास तिथं अडकत्यात.

घरात शिजवलेलं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली पाकिटं (चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चटणी) बहुतेक कंपन्यांना चालतात. गोकाकचं करदंट घ्या, डिंक आणि सुक्या मेव्याचं असल्यानं टिकतं. कुंदा मात्र घरीच ठेवा. दुधाचा आहे, उकाड्यात दोन दिवसांत आंबतो.

इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, इंडक्शन, एक्स्टेन्शन बोर्ड यांतलं काहीही बॅगेत ठेवू नका. एक्स-रेत दिसतं आणि काढून ठेवतात. त्या नादात बॅग रात्री उशिरापर्यंत खोलीवर येत नाही. औषधं, चष्मा, मुलांचे पोहायचे कपडे आणि एक जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होते.

सिंगापूरला जायचं तर खायची तंबाखू आणि गुटखा अजिबात नको. आमच्या निपाणी भागात तंबाखूची पुडी खिशात असतेच, तेवढीसुद्धा काढून ठेवा. तिथं आणायलाच बंदी आहे. च्युइंग गमही नको.

आणि खसखस! दुबईमार्गे विमान असलं किंवा दुबईची क्रूझ घेतली तर खसखस कायद्यात बसत नाही, आणि सिंगापूरही त्याबाबतीत कडक आहे. अनारशाला लावलेली, करंजीच्या सारणातली, काळ्या मसाल्यातली, तिन्ही धरून. हे माहीत नसल्यानं चांगली माणसं विमानतळावर उत्तरं देत बसत्यात.

कॅम्पातली_मेघा

अक्का, मी जहाजावरच्या इतर गोष्टींचं लिहिते.

खोली: आई-बाबांसाठी मधल्या भागातली आणि खालच्या डेकवरची घ्या. जहाज झोक्यासारखं डोलतं, टोकं आणि वरचे मजले जास्त हलतात. "बाल्कनी आहे" म्हणून सर्वात वरची, सर्वात पुढची खोली गळ्यात मारतात, तीच नेमकी नको. डेकचा नकाशा मागवा आणि खोलीच्या वर-खाली काय आहे ते बघा. वर बुफे असला तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. शक्यतो वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असाव्यात. खिडकीवाली स्वस्तात मिळत असेल तर समोर लाइफबोट टांगलेली आहे का तेही विचारा.

मळमळ: गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी तासभर घ्यावी लागते. ॲव्होमिनने झोप येते. आई-बाबांना रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच द्या. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, कोरडी बिस्किटं जवळ ठेवा. एप्रिलमध्ये अरबी समुद्र शांत असतो. जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याने खवळतो, म्हणूनच कॉर्डेलियाने काही पावसाळ्यांत मुंबई सोडून चेन्नईहून श्रीलंकेकडे फेऱ्या केल्या.

मुलं: इथे सिंगापूरची मोठी जहाजं सरळ पुढे आहेत. रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम वर्गातल्या जहाजांवर (उदाहरणार्थ २०१५ ची अँथम ऑफ द सीज) छताखाली बंपर कार, लाटांवर सरकायचं फ्लोरायडर, उंच नेणारी काचेची नॉर्थ स्टार असं बरंच काही असतं. फ्लोरायडरवर झोपून सरकायला उंची किमान १३२ सेंमी लागते, तेव्हा धाकट्याला आधीच समजावून ठेवा. गेंटिंग ड्रीमवर पाण्याच्या घसरगुंड्या आणि दोरांवरून चालायचा खेळ आहे. एम्प्रेस लहान जहाज, मुलांची खोली आणि तलाव आहे, पण तीन रात्रींपेक्षा जास्त झालं तर ११ वर्षांचा कंटाळेल. डिस्नेच्या जहाजांची एक पद्धत तुमच्या कामाची आहे: रोज रात्री रेस्टॉरंट बदलतं, पण वेटर तोच तुमच्याबरोबर फिरतो. पथ्य एकदाच सांगावं लागतं.

तिकिटाबाहेरचे खर्च: पोर्ट चार्जेस, रोजची माणशी ग्रॅच्युइटी (म्हणजे टिप), दारू आणि थंड पेयं, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली. रॉयल कॅरिबियनवर एका खोलीतल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं. म्हणून पिणारे एका खोलीत आणि न पिणारे दुसऱ्या खोलीत असे नावं टाका. भूमध्य समुद्रात इटालियन जहाजांवर जेवणाच्या टेबलावर येणारी पाण्याची बाटलीही बिलात लागते. बुफेच्या नळाचं पाणी फुकट, तिथे आपली बाटली भरून घ्या.

फोन बंदर सोडताच एअरप्लेन मोडवर. जहाजाच्या मोबाइल नेटवर्कला चुकून जोडला गेला तर रोमिंगचं बिल तिकिटाच्या बरोबरीचं येऊ शकतं. प्रवास विमा घ्या आणि त्यात जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते बघा. जहाजावरचा डॉक्टर डॉलरमध्ये पैसे घेतो आणि इथली मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही.

हात साबणाने धुवा. जहाजावर पोट बिघडवतो तो नोरोव्हायरस, आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. बुफेच्या दारात बाटली ठेवलेली असते म्हणून लोक तेवढ्यावर भागवतात आणि मग तोच हात वाढायच्या पळीला लागतो. मुलांना बेसिनकडेच पाठवा.

शहापूरची_अक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. फुकेतच्या घड्याळाचं आणि अनारशाचं कुणीच सांगितलं नव्हतं. आता मन सिंगापूरकडे झुकतंय. लेखी नेमकं काय मागायचं? आणि व्हिसाचं कसं?

खानापूर_रोड

व्हिसा आधी. जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे तुम्ही दोनदा प्रवेश करता. म्हणून मल्टिपल एन्ट्री व्हिसा आहे का ते छापून आल्यावर नीट वाचा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड प्रवेशाच्या तीन दिवस आधीपासून ऑनलाइन भरता येतं, ते परत येतानाही भरायला विसरू नका. पासपोर्टला परतीनंतर सहा महिने शिल्लक हवेत. पुढे कधी युरोपचं ठरलं तर व्हिसा केंद्राची हद्द राज्यावरून ठरते हे ध्यानात असू द्या. आपल्याला पुणे-मुंबई जवळ वाटली तरी आधार-पासपोर्टवर पत्ता कर्नाटकचा आहे.

लेखी मागणी एजंटाला व्हॉट्सॲपवर करू नका. बुकिंग नंबर टाकून कंपनीच्या स्पेशल डाएट विभागाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. "जैन" एवढ्यावर थांबू नका, स्वयंपाकी फिलिपिनो किंवा इंडोनेशियन असू शकतो. काय चालत नाही ते नावानिशी लिहा: मांस, मासे, अंडं, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, आलं, मशरूम, जिलेटिन, प्राण्याचं रेनेट. त्याखाली काय चालतं तेही लिहा: तूरडाळ, मूगडाळ, भात, दही, पनीर, कोबी, दुधी, भेंडी, टोमॅटो, कच्ची केळी. चालणाऱ्यांची यादी नसली की पाच दिवस उकडलेला फ्लॉवर येतो. ताटं दोन, वेळ सायंकाळी सहा, आणि सकाळी सूर्योदयानंतर. नऊ जणांचं एकच टेबल हवं हेही त्याच ईमेलमध्ये, आणि सगळी बुकिंग एकमेकांना जोडायला सांगा, नाहीतर संगणक तुम्हाला दोन पंगतींत वाटून टाकतो.

पहिल्या दिवशी जहाजावर चढलात की बाकीची गर्दी बुफेकडे धावते. तुम्ही आधी मेन डायनिंग रूमच्या दारात जा, हेड वेटर किंवा मेत्र द' (डायनिंग रूमचा प्रमुख) यांची भेट घ्या आणि तो छापील कागद त्याच्या हातात द्या. सुरक्षा सूचनेचा कार्यक्रम (मस्टर) जहाज सुटण्याआधी सगळ्यांना सक्तीचा असतो, तो झाला की पहिली पंगत जवळ आलेली असते, तेव्हा उशीर नको. रोज जेवण संपताना दुसऱ्या दिवसाचं मेन्यूकार्ड मागून त्यावर आई-बाबांचे पदार्थ खुणावून द्यायचे. किनाऱ्यावर सहल असली तर परतीची वेळ साडेचारच्या पुढची घेऊ नका. बस अडकली तर सहाचं ताट थंड होईल आणि सूर्य थांबणार नाही.

निपाणीकर

एक राहिलं. सिंगापूरचं विमान मुंबईहून घेणार असाल तर आदल्या दिवशीच मुंबईत पोचा. संध्याकाळी बेळगावातनं दादरची गाडी घेतली तर पहाटे पोचता, पण गाडी उशिरा धावली तर तेच विमान गाठणं अवघड. बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं मुंबईचं विमान घेतलं तरी तसंच, पावसाळी हवा नसली तरी दोन विमानांमध्ये निदान सहा तास ठेवा. आणि जहाज सुटायच्या दिवशीच सिंगापूरला उतरायचं नाही. गँगवे (जहाजावर चढायचा पूल) जहाज सुटायच्या तासभर आधी बंद होतो, चेक-इन त्याच्याही आधी.