बटाटा खिम्यात बुडतो त्याबद्दल
शेफर्ड्स पाय म्हणजे मटणाच्या खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. त्याचा बटाट्याचा थर खिम्यात बुडतो म्हणून बटाट्यात अंडं घाला, असं काहीजण सुचवतात. मला नाही पटत. दोष बटाट्याचा नसतो, खिमा गरम आणि पातळ असतो. स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी) आणि वूस्टर सॉस (आंबट-खारट इंग्लिश सॉस) घातल्यावर मटणाचा खिमा झाकण न ठेवता आटू द्या. पळी ओढल्यावर तळाशी वाट उरली पाहिजे. लगेच रस्सा भरून आला तर अजून वेळ आहे. मग ट्रेमध्ये पसरून पूर्ण गार करा. वर चरबी थिजली की बटाटा अलगद बसतो, हे मी दरवेळी बघते.

बटाट्यांचं पाणी काढल्यावर त्याच पातेल्यात मंद आचेवर दोन मिनिटं हलवून वाफ घालवा, मगच लोणी घालून कुस्करा. खिम्यावर बटाटा पसरला की त्यावर काट्याने रेघा नक्की ओढा, त्या उंचवट्यांवरच खरपूस रंग येतो. मग ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर अर्धा तास, कडेने रस बुडबुडेपर्यंत.