शब्द हवा आहे: ‘पालक समुपदेशन’ऐवजी काय म्हणाल?

फिरतीवर

मी समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय योजनेत विशेष शिक्षिका आहे. एका शाळेची नाही, तालुक्यातल्या शाळांतून फिरणारी. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आईवडिलांना महिन्यातून एकदा गटसाधन केंद्रात (शिक्षण खात्याचं तालुक्याचं केंद्र) एकत्र बोलवायचं ठरतंय आणि पत्रक मी लिहायचं आहे. मागच्या पत्रकावर वरूनच ‘पालक समुपदेशन व उद्बोधन मेळावा’ असं छापून आलं होतं. ते वाचून एका वडिलांनी मला शाळेच्या फाटकातच विचारलं, “म्हणजे मॅडम, आम्हाला सुनावणार का?” ते काही आले नाहीत. बरेच जण आले नाहीत.

प्रत्यक्षात तिथे काय चालतं तर दिव्यांगत्वाच्या दाखल्याचे कागद कसे करायचे, प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता कुणाला मिळतो, घरी मुलाकडून काय करून घ्यायचं, हे सगळं. आणि निम्मा वेळ आईवडिलांनी आपापसात बोलायचं. माझ्या मते खरं काम त्या निम्म्या वेळात होतं. याला काय म्हणावं? ‘सक्षमीकरण’, ‘साहाय्य’, ‘प्रबोधन’ कृपया नको.

दुसरं म्हणजे धीर देणे, आधार देणे, समजूत काढणे, समजावणे यांच्या छटा कुणी उलगडून सांगेल का? सोबतच्या सहकाऱ्यांना सांगायला उपयोगी पडेल. आम्ही हे शब्द सरसकट वापरतो.

कोशातला_किडा

‘समुपदेशन’ शास्त्रात चांगला रुळलाय. आपल्या जागी तो ठीकच आहे. पण त्याच्या पोटात ‘उपदेश’ बसलाय आणि मराठी माणसाला उपदेशाचे डोस लहानपणापासून माहीत आहेत. शिवाय खेड्यात हा शब्द बहुतेकांच्या कानावर येतो तो नवरा-बायकोच्या भांडणात, कोर्टाच्या नाहीतर पोलीस ठाण्याच्या निमित्ताने. त्या वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

आता क्रियापदं. ‘समजावणे’मध्ये बोलणाऱ्याला ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्याला नाही, असं गृहीत आहे. भत्त्याचा अर्ज समजावा, हरकत नाही. ‘समजूत काढणे’ हे रुसलेल्याचं, हट्टाला पेटलेल्याचं काम. मुलाचा अहवाल हातात घेऊन रडणाऱ्या आईची समजूत काढायला गेलात, तर तुमचं रडणं उगीचचं आहे असं तुम्ही न बोलता सांगितलेलं असतं. ‘समज देणे’ तर भलतंच. “दोघांना समज देऊन सोडण्यात आले” हे पोलिसांच्या बातमीतलं वाक्य. एका शाळेच्या फलकावर मी ‘पालकांना समज देण्यासाठी कार्यशाळा’ असं वाचलंय आणि आजही त्या पालकांची काळजी वाटते. राहिलं ‘समजून घेणे’. या चौघांत एवढं एकच क्रियापद असं आहे, की त्यात काम बोलणाऱ्याला करावं लागतं.

‘धीर देणे’ला मुदत असते. ऑपरेशनच्या दाराशी, निकालाच्या आदल्या रात्री धीर देतात. म्हणजे जे टळणार किंवा सरणार आहे, त्यासाठी. मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर परिणाम) आहे हे कळल्याच्या दिवशी आईला धीर द्यावा, पण दहा वर्षांनी तोच धीर देत बसलं तर तिला राग येईल. पुढचा लांबचा पल्ला ‘आधारा’चा.

अजून_एक_आई

किडादादा, सगळं पटलं, पण ‘आधार’ आता आपला राहिला नाही. ‘पालक आधार केंद्र’ असा बोर्ड लावून बघा. पहिल्या दिवशी अर्धा गाव अंगठे द्यायला आणि मोबाइल नंबर जोडायला येईल.

माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आता बारा वर्षांचा. माझ्या मते शब्द ‘सोबत’ हवा. दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात गेलो तेव्हाचं सांगते. दाखला देणारं डॉक्टरांचं दिव्यांग मंडळ ठरलेल्या वारीच बसतं, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. रांगेत पुढे एक बाई होत्या, कडेवर मोठी मुलगी. त्यांनी आपणहून सांगितलं की कागदांच्या दोन वेगळ्या पिशव्या करा, एक मूळ प्रतींची, एक झेरॉक्सची. मुलाला पंख्याखाली बसवा, नंबर मी धरते. आणि डॉक्टर मुलाला काही विचारतील तेव्हा घाईने तुम्ही उत्तर देऊ नका, त्याला काय येतं नि काय येत नाही ते त्यांना बघू दे. समुपदेशन वगैरे काही नव्हतं त्यात. पण त्या अर्ध्या तासाने मी पुढची कितीतरी वर्षं निभावून नेली.

त्यांनी शेवटी विचारलं, “पिवळं मिळेल ना तुमच्याला?” मला वाटलं रेशनकार्डाबद्दल बोलतायत! त्यांचं म्हणणं होतं यूडीआयडी कार्डाबद्दल, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राबद्दल. दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरं, चाळीसपासून ऐंशीच्या आतपर्यंत पिवळं, ऐंशी आणि वर निळं. आमच्यात ‘पिवळ्यातला’, ‘निळ्यातली’ असं सर्रास बोलतात. बाहेरच्याला कठोर वाटेल, आम्हाला नाही वाटत. जास्त लागतं ते “देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो” हे.

आणि हो, ‘विशेष मूल’ मला नको वाटतं. ‘विशेष गरजा असलेलं मूल’ लांबलचक आहे खरं, पण त्यात ‘विशेष’ गरजेला लागतं, मुलाला नाही. मावशीचा फोन येतो, “काय गं, काय विशेष?” तिला म्हणते, काही नाही, जेवलो नि झोपलो.

गल्लीबोळ

मुलांसाठीच्या शब्दांवर पण बोलूया ना. मतिमंद, गतिमंद, दिव्यांग...

फिरतीवर

‘दिव्यांग’वर इथे आधी दोन धागे होऊन भांडून संपलेत, तिसरा नको. फक्त ‘गतिमंद’बद्दल सांगते, कारण त्यात पालक फसतात. ‘मतिमंद’ टोचतो म्हणून लोक सौम्य शब्द म्हणून ‘गतिमंद’ वापरतात आणि शाळेतले आमचेच लोक त्याच शब्दाने हळू शिकणाऱ्या मुलाबद्दल बोलतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत. बौद्धिक अक्षमता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन-गणितातली अडचण) आहे, स्वमग्नता आहे. ‘गतिमंद’ नाही. “आमचा गतिमंद आहे, दाखला मिळेल ना?” असं कुणी विचारलं, की आधी तपासणीत नेमकं काय लिहिलंय ते बघावं लागतं. सौम्य शब्दाने आईचं मन राखलं जातं आणि अर्ज अडकतो.

काळा_कोट

ताई, तुम्ही पत्रकावर ‘पालक’ लिहिणार, तर त्या शब्दाची एक गंमत सांगतो. गंमत तरी कसली म्हणा.

शाळेच्या भाषेत पालक म्हणजे आईवडील. कायद्याच्या मराठीत आईवडील वेगळे आणि पालक वेगळा. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात ‘नैसर्गिक पालक’ असतो तो अज्ञान मुलाचा. अज्ञान म्हणजे अठराच्या आतला, अडाणी नव्हे. मूल अठराचं झालं की नैसर्गिक पालकत्व संपतं. मग मुलाला स्वतःचे व्यवहार कळोत न कळोत. बँकेत खातं उघडायला गेलेल्या आईला टेबलापलीकडून विचारतात, “पालकत्वाचा कागद आहे का?” आणि ती म्हणते, “अहो, मी आई आहे त्याची!” दोघंही आपापल्या मराठीत बरोबर बोलत असतात.

त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (त्या कायद्यातला शब्द तोच आहे) आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत अठरानंतर कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करायचा. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ती समिती असते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. अध्ययन अक्षमता या चारांत नाही आणि तिथे सहसा गरजही नसते.

तुमच्या बैठकीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे आईवडील असतील, तर हे आवर्जून सांगा. बहुतेकांना अडल्यावर कळतं.

टेम्सकाठी

इथे इंग्लंडमध्ये अशा आईवडिलांना ‘पॅरेंट केअरर’ म्हणतात, म्हणजे नुसते पालक नव्हेत, सांभाळ करणारे पालक. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या गरजांची वेगळी पाहणी मागता येते, मुलाच्या नव्हे, त्यांच्या. आपल्याकडे मुलासाठी इतके शब्द बदलले, सांभाळणाऱ्याला मात्र शब्दच नाही. मी आईला फोनवर ‘काळजीवाहू’ हा शब्द ऐकवून पाहिला. ती म्हणाली, “ते सरकार असतं, पडायच्या बेतातलं.”

कोशातला_किडा

मानसिक आजारांच्या आणि पार्किन्सन्सच्या स्वमदत गटांत ‘शुभार्थी’ आणि ‘शुभंकर’ ही जोडी वापरतात. ज्याला आजार आहे तो शुभार्थी, सांभाळणारा शुभंकर. शहरी गटांत बऱ्यापैकी रुळलीय. पण आईला शुभंकर म्हणायला माझी जीभ वळत नाही.

अजून_एक_आई

माझीही नाही. ‘आई’ पुरे आहे. सुट्टी कोण देईल ते सांगा.

कृष्णाकाठचा

आमच्याकडं ‘मेळावा’ म्हटलं की हार, सत्कार, फोटो आणि दोन तास भाषण. शेतातलं काम टाकून कोण येणार? मी बाप म्हणून सांगतो, बायका येतात, पुरुष येत नाहीत, कारण तिथं आपल्याला रडायला लावतील असं वाटतं. ‘बैठक’ म्हटलं तर पुरुष येतील. पाणीवाटपाची असती, सोसायटीची असती, तशी ही. फक्त ‘बसूया’ म्हणू नका, मंडळी वेगळ्याच तयारीनं येतील.

काळा_कोट

‘बैठक’ चांगला आहे. पण आमच्या रायगडात बैठक म्हणजे श्रीसदस्यांची, धर्माधिकारींच्या अनुयायांची. लोक पांढरे कपडे घालून येतील.

गल्लीबोळ

गाठभेट?

फिरतीवर

अरे, हा बरा आहे! गाठभेटीत कुणी वर बसत नाही, कुणी खाली बसत नाही. ‘सोबत’ही मनात भरलाय, पण तो नाव म्हणून एकटा उभा राहत नाही, एखाद्या पतसंस्थेसारखा वाटतो. फाइलवर ‘पालक समुपदेशन’च राहील, कारण खर्च त्या नावाने पडतो. पत्रकावर गाठभेट.

दहावीची_आई

धाग्याशी जवळचं आहे म्हणून इथेच विचारते. मुलीला अध्ययन अक्षमता आहे, दाखला आहे. शाळेत सगळे म्हणतात, “तुम्ही सवलत घेतलीय ना.” मुलगी आता म्हणते मला सवलत नको, मैत्रिणी म्हणतात फुकटचे मार्क मिळतात. ‘सवलत’ला दुसरा शब्द नाही का?

कोशातला_किडा

सवलत दुकानदार देतो, एसटी देते. ती देणाऱ्याची मेहरबानी असते, म्हणून घेणारा ओशाळतो. इथे ‘सोय’ म्हणा. “तिच्यासाठी लेखनिकाची सोय आहे.” शब्द साधा आहे, पण त्याच्या उलटा ‘गैरसोय’ आहे, आणि गैरसोय नेहमी जागेची, व्यवस्थेची असते, माणसाची नसते.

काळा_कोट

कायदाही त्याच बाजूला आहे. २०१६ च्या अधिनियमात वाजवी सोयीसुविधा ही कल्पना आहे आणि ती नाकारणं हा भेदभाव धरला आहे. लेखी परीक्षांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितलाय, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तो भरपाईचा वेळ आहे. हातापर्यंत अक्षर यायला तिला जो वेळ जास्त लागतो तेवढा परत दिला, उत्तर तिलाच द्यायचंय. मैत्रिणींना सांगा, एक तास जास्त बसून बघा, न वाचलेलं आठवतं का.

दहावीची_आई

हे शेवटचं तिला वाचून दाखवलं. हसली. बोर्डाच्या अर्जात मात्र ‘सवलत’च लिहावं लागेल ना?

काळा_कोट

अर्जात जो रकाना असेल तोच शब्द लिहा. तिथे भाषासुधारणा नको, अर्ज परत येईल.

फिरतीवर

पत्रकाचा मजकूर असा केलाय, बघा:

“गाठभेट. आपल्या मुलांबद्दल आपण आपसात बोलूया. भाषण नाही, सत्कार नाही. दाखला, भत्ता, शाळा, अठरानंतरचे कागद, जे अडलं असेल ते घेऊन या. मुलाला सोबत आणलं तरी चालेल, त्याच्याकडे बघायला दोन ताई आहेत. आईवडील दोघांनी यावं.”

अजून_एक_आई

‘त्याच्याकडे बघायला’ऐवजी ‘त्याच्याशी खेळायला’ करा. आमच्याकडे बघणारे पुष्कळ असतात.

फिरतीवर

केलं.

कृष्णाकाठचा

मॅडम, ‘आईवडील दोघांनी’ काढा. आमच्या पोराला आजी सांभाळती. आम्ही दोघं ऊसतोडीला जातो, कार्तिक ते चैत्र घरात नसतोच. ते वाचून आजी म्हणंल मला बोलावलं नाही.

फिरतीवर

बरोबर. ‘घरात जो मुलाला सांभाळतो त्याने यावं’ असं करते. आजींना घेऊन या. केंद्राची खोली वरच्या मजल्यावर आहे, पण खालचा हॉल मागितलाय. किल्ली मिळाली की इथेच कळवते.