पाच महिन्यांच्या बाळाच्या डोळ्यात लेन्स बसवावी का?

पैठणची मावशी: भाच्याला एका डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू आहे. ऑपरेशन लगेच करायचंय, त्यात वाद नाही. वाद पुढचा: मोतीबिंदू काढल्यावर आत कृत्रिम लेन्स बसवायची, की मोठा होईपर्यंत बाहेरून कॉन्टॅक्ट लेन्स? मी म्हणते, एकदाच बसवून मोकळं व्हावं. आमच्याकडे पिठासारखी धूळ उडते. रडत्या पोराच्या पापण्या ताणून ती टिकलीएवढी लेन्स रोज कोण घालणार?

चष्मेवाला: "एकदाच" होत नाही, गोम तिथेच आहे. अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या, सात महिन्यांच्या आतल्या ११४ बाळांवर अभ्यास झाला. काहींना आत लेन्स बसवली, काहींना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. साडेचार वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांची नजर सारखीच भरली. पण पाच वर्षांत डोळ्याच्या आतलं आणखी एखादं ऑपरेशन लेन्स बसवलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना लागलं, कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांपैकी २१ टक्क्यांना. शिवाय दरवेळी पूर्ण भूल! आणि सिलिकॉनची लेन्स रोज काढावी लागतेच असं नाही.

माणदेशी: आकडे बरोबर, पण त्याच अभ्यासाचा निष्कर्ष पुरता सांगा की. कॉन्टॅक्ट लेन्सचा खर्च आणि उस्तवार घराला झेपणार नसेल, तर आत बसवा असंही त्यात म्हटलंय. लेन्स हरवली, नवी यायला महिना लागला, तर तेवढा महिना तो डोळा बघायला शिकणं थांबवतो. माझा कौल मावशींना.

पैठणची मावशी: बघा! आणि आत बसवली की चष्मा तरी सुटेल ना?

चष्मेवाला: नाही हो. जन्मतः डोळा साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी २३-२४. डोळा वाढतो, लेन्स आहे तेवढीच राहते. म्हणून नंबर मुद्दाम कमी ठेवतात आणि वरून चष्मा देतात.

दोन लेकरांची आई: तुम्ही लेन्सवर भांडताय, आमचा जीव पट्टीने काढला. अधू डोळ्याने बघायला शिकावं म्हणून चांगला डोळा रोज काही तास झाकायचा, वर्षानुवर्षं. लेन्स आत असो की बाहेर, हे चुकत नाही. पोरगी पट्टी ओरबाडायची, म्हणून हातात पायमोजे चढवायचो. तर दातांनी मोजे ओढायची.

पैठणची मावशी: ताईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, पट्टी मी लावीन, पण कॉन्टॅक्ट लेन्स घालायला दोन माणसं लागतील. मी तीन घरं सोडून राहते. मत माझं अजून आतल्या लेन्सचंच आहे, पण सोमवारी मी डॉक्टरांकडे कॉन्टॅक्ट लेन्स घालायला शिकून येते.